छतावरचा पंखा बदलायचा, की गिऱ्हाईक परत पाठवायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका पंख्याचा उल्लेख केला आणि वेळेअभावी पुढे गेलो. ती गोष्ट इथे पूर्ण लिहितोय, कारण त्यात माझे अकरा हजार गेले आणि त्याहून जास्त काही जायची वेळ आली होती. इलेक्ट्रिकल, हार्डवेअर, प्लंबिंग, फॅब्रिकेशन, होमस्टे, यापैकी कुठल्याही धंद्यात असाल तर शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. दुपारी दोनच्या सुमारास दुकानासमोर एक उंच पांढरी गाडी येऊन थांबली. आतून एक गृहस्थ उतरले, घामाघूम. गाडी म्हणजे कॅराव्हॅन होती. आत झोपायला बेड, छोटा ओटा, आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढं बाथरूम. त्या बाथरूमच्या छतातला पंखा बंद पडला होता. ते म्हणाले, "चार दुकानांत विचारलं. सगळे गाडीकडे बघतात आणि नाही म्हणतात. तुम्ही तरी बघा." आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जायचं होतं, तिथून पुढे गुहागर. सोबत आई होत्या, दोन मुलं होती. बाथरूममध्ये आंघोळ केली की वाफ बाहेर जात नव्हती, आणि आतल्या गाद्यांनासुद्धा कुबट वास यायला लागला होता.

मी "हो" म्हणालो. तिथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढचं सगळं चुकलं.

मी काय केलं

पंखा ऑनलाइन मागवला. ते तीन दिवस पुळ्याला थांबले आणि परत आले. पंखा मला ३,२०० ला पडला, मी ३,६०० लावले. बसवायचे पैसे घेतले नाहीत. म्हटलं, एवढ्या लांबून आलेत, चार स्क्रू तर काढायचेत. दुकानातला पोरगा आणि मी गाडीच्या टपावर चढलो. जुना पंखा काढला. खाली जुन्या सिलिकॉनचा जाड थर होता, कुठे सुटलेला, कुठे चिकटलेला. पोरगा म्हणाला, "दादा, हे सगळं खरवडूया काय? तासभर लागेल." मी म्हणालो, "राहू दे रे, वर कोण बघतंय. त्याच्यावरूनच मार."

बाथरूमच्या टाइल्सच्या कडेला मारतो तेच सिलिकॉन मारलं. पंखा फिरला. गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. जाताना मुलांनी हात हलवला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. गृहस्थ ओरडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी फक्त फोटो पाठवले. पंख्याच्या चारी बाजूंनी छताचा प्लाय काळा पडला होता, एका कोपऱ्यात फुगून खाली आला होता. दोन पावसाळी ट्रिपांत पाणी जुन्या आणि नव्या सिलिकॉनच्या मधून आत उतरत राहिलं होतं. वर दिसत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

आता कबुली देतो. फोन ठेवल्यावर मी दुकानात सगळ्यांसमोर पोराला झापलं. "तुला नीट बसवता येत नाही का?" तो काही बोलला नाही. संध्याकाळी शटर ओढताना एवढंच म्हणाला, "मी खरवडूया म्हटलं होतं." दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईसमोर बसून सांगितलं की चूक माझी होती. तो परत आला, पण सहज घडलं नाही ते.

छताचा प्लाय, आतला पॅनेल, सुताराची मजुरी, पंखा पुन्हा बसवणं, सगळं धरून मी ११,५०० भरले. पहिल्या कामात सुटले होते किती? ४०० रुपये, त्यातून सिलिकॉनची १८० ची ट्यूब गेली, म्हणजे २२०. एकूण तोटा ११,२८०. आणि फुकट मजुरी करून मी स्वतःला मोठ्या मनाचा समजत होतो.

माझं मत

आपल्याकडे अशा वेगळ्या कामाला दोनच उत्तरं मिळतात. एक, "नाही हो, आपल्याकडे नाही ते." दुसरं, "आणा, भागवून देतो." मी दुसरं दिलं आणि मला वाटलं मी पहिल्यापेक्षा बरा. पण हिशोबाने पाहिलं तर नाही म्हणणारे ते चार दुकानदार माझ्यापेक्षा शहाणे निघाले. त्यांनी कुणाचं छत कुजवलं नाही.

तरीही माझं म्हणणं आहे की नाही म्हणू नका. तिसरं उत्तर आहे: "बघतो, मोजतो, लेखी सांगतो, पैसे घेतो, आणि पाणी आत आलं तर जबाबदारी माझी." हे उत्तर द्यायला शिकलो तर रत्नागिरीतल्या छोट्या दुकानाला काम कमी पडणार नाही.

आपण चहाच्या टपरीवर नेहमी म्हणतो की कोकणात पर्यटक येतात, पण पैसा मुंबई-पुण्याचे लोक घेऊन जातात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मोटर कॅराव्हॅन कशी असावी याचं एआयएस-१२४ नावाचं मानक देशात आधीपासून आहे. गाडी कागदावर बसली, पार्क कागदावर बसले. पण त्या गाडीचा पंखा भर मे महिन्यात पुळ्याला बंद पडला तर काय, याचं उत्तर मंत्रालयातून येणार नाही. ते मारुती मंदिराजवळच्या, राम आळीतल्या, मिरजोळे एमआयडीसीतल्या दुकानातूनच यायला हवं. खोली भाड्याने द्यायला जागा लागते, भांडवल लागतं. दुरुस्तीला मल्टिमीटर, शिडी आणि शब्द पाळायची तयारी लागते.

"अहो, वर्षाला दोन कॅराव्हॅन येणार. त्यासाठी कोण शिकणार?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. प्रश्न रास्त आहे, उत्तर पुढे देतो. आधी काम समजून घेऊ, कारण काम समजल्याशिवाय किंमत लावता येत नाही.

काम नेमकं काय असतं

परदेशात गाडीमागे जोडून ओढायची ट्रॅव्हल ट्रेलर घेतात. आपल्याकडे बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या सांगाड्यावरच घर बांधलेलं दिसतं. बाथरूमच्या छताचं तत्त्व दोन्हीकडे एकच: छताला चौकोनी भोक, त्यावर झाकण, खाली छोटा डीसी पंखा, आतून जाळी.

पहिली पायरी, पंखा विकू नका. आधी बघा तो खरंच मेला आहे का. फ्यूज तपासा. स्विच तपासा. मग पंख्याच्या वायरवर मल्टिमीटर लावा. घरगुती टेस्टर १२ व्होल्टवर पेटत नाही, त्यामुळे टेस्टर लावून "लाइनच येत नाही" असं जाहीर करू नका; माझ्यासमोर एका अनुभवी वायरमनने हे केलंय. सप्लाय येत असेल तर पंख्याच्या वायरी सुट्या करून बॅटरीवर थेट लावून बघा. फिरला तर दोष पंख्यात नाही, जोडात आहे. आपल्या खाऱ्या हवेत थिंबल हिरवे पडतात, आतून तार कुजते. अशा वेळी दोन थिंबल बदलून काम होतं. कधी पंखा ठीक असतो आणि उन्हाने ठिसूळ झालेलं वरचं प्लास्टिकचं झाकण तुटलेलं असतं. मग फक्त झाकण.

इथेच एक तपासणी फी घ्या. मी ५०० घेतो. पंखा न विकता गिऱ्हाईक परत गेलं तरी आपली अर्ध्या तासाची अक्कल फुकट जात नाही, आणि मुख्य म्हणजे उगाच पंखा विकायचा मोह होत नाही.

दुसरी पायरी, मोजमाप. अमेरिकन पद्धतीच्या पंख्याचं भोक १४ इंच बाय १४ इंच असतं. युरोपियन हॅच बहुतेक ४०० मिलिमीटर बाय ४०० मिलिमीटर. आणि आपल्याकडच्या फॅब्रिकेटरने गाडी बांधली असेल तर त्याच्या हातात कटर जसा फिरला तसं. म्हणून आतलं भोक दोन्ही बाजूंनी मोजा, कर्ण मोजा, छताची जाडी मोजा, वरच्या फ्लॅन्जची रुंदी मोजा. फक्त झाकण बदलायचं असेल तर बिजागरीचा फोटो घ्या, कारण कंपनीगणिक बिजागरी वेगळी असते. फोटोत स्केलपट्टी ठेवा. ऑर्डर द्यायच्या आधी हे सगळं वहीत लिहिलेलं पाहिजे. परत पाठवलेल्या पार्सलचं भाडं कोण देतं ते तुम्हाला माहीत आहे.

व्होल्टेज विचारा, मग स्वतः मोजा. छोट्या गाड्यांत १२ व्होल्ट असतात, मोठ्या बस-ट्रकवर बांधलेल्या गाडीत २४ असू शकतात. १२ चा पंखा २४ वर लावला तर तो जोरात फिरेल, गिऱ्हाईक खूश होईल, आणि थोड्या वेळात धूर येईल.

वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. आपल्याला गाडीत काळी म्हणजे निगेटिव्ह ही सवय. अमेरिकन कॅराव्हॅनच्या १२ व्होल्ट वायरिंगमध्ये काळी ही पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. मीटर खोटं बोलत नाही, रंग बोलतो.

तिसरी पायरी, काढणं. बॅटरी आधी सोडवा. टपावर सोलर पॅनेल असेल तर तेही सुटं करा, कारण उन्हात पॅनेल चालूच असतं. छताच्या मध्यभागी उभे राहू नका. शक्यतो शिडीवरून काम करा, चढावंच लागलं तर आडवी फळी टाकून वजन वाटून घ्या. दुपारी टपाचा पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून हे काम सकाळी सातला सुरू करा. जुनं सीलंट हीट गनने हलकं गरम करून प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढा. लोखंडी पट्टी वापरली तर छताला चरे पडतात आणि नवीन गळती तिथून सुरू होते.

आणि हो, सगळं खरवडा. सगळं. नवीन सीलंट जुन्या सिलिकॉनवर धरत नाही. हे वाक्य मी ११,२८० रुपयांना विकत घेतलंय, तुम्हाला फुकट देतोय.

भोक मोकळं झालं की कडेचा प्लाय स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत रुतलं तर लाकूड कुजलंय. तिथे थांबा, फोटो काढा, गिऱ्हाइकाला वर बोलवून दाखवा. कुजक्या लाकडात स्क्रू मारून पंखा बसवणं म्हणजे शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवून विहिरीत वाकणं.

चौथी पायरी, बसवणं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. फ्लॅन्जच्या खाली सलग ब्यूटाइल टेप, कोपऱ्यात फट न ठेवता. बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला येईल असं झाकण बसवा. उलटं बसलं आणि चुकून उघडं राहिलं तर निवळीचा घाट उतरताना वारा ते उपटून नेईल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या; समुद्राकाठी ३१६ ग्रेड मिळाला तर उत्तम. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळा, टेप कडेने हलकी बाहेर डोकावली की थांबा. मग स्क्रूची डोकी आणि फ्लॅन्जची कड सीलंटने झाका. कुठलं सीलंट, हे छतावर ठरतं. पत्रा किंवा फायबर असेल तर चांगलं पीयू सीलंट चालतं. परदेशी ट्रेलरवर रबराचं छत असतं, त्याला त्याच छतासाठी बनवलेलं लॅप सीलंट लागतं. ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा, अंदाज नको.

वायरिंगला पिळून टेप गुंडाळू नका. क्रिंप करा, वर हीट श्रिंक चढवा. गाडी हलते, पिळलेली तार सुटते. फ्यूज पंख्याच्या लेबलवर लिहिलाय तेवढाच. मग वायरी जोडून आत जाळीवर टिश्यू पेपर धरा. पेपर जाळीला चिकटला तर हवा बाहेर जातेय. खाली उडाला तर बऱ्याच साध्या डीसी पंख्यांत वायरी उलट जोडल्या गेलेल्या असतात, पंखा उलटा फिरतोय. रिव्हर्सचा स्विच असलेला पंखा असेल तर आधी तो बघा.

पाचवी पायरी, पाणी. ट्यूबवर दिलेला सुकायचा वेळ पूर्ण होऊ द्या. मग झाकण बंद करून पंधरा मिनिटं नळीने पाणी मारा, आत एक माणूस बॅटरी घेऊन बसवा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. इथे पाण्याची परीक्षा न घेता गाडी सोडणं म्हणजे जुलैच्या फोनची वाट बघणं.

गिऱ्हाइकाला सांगायच्या दोन गोष्टी

पहिली. मोठा पंखा मागू नका. कॅराव्हॅनचं बाथरूम तीन फूट बाय तीन फूट, उंची साडेसहा फूट, म्हणजे साधारण ५८ घनफूट हवा. मिनिटाला ५० घनफूट ओढणारा छोटा पंखासुद्धा सव्वा मिनिटाच्या आत तेवढी हवा ओढतो. तरी वाफ जात नसेल तर खरी अडचण वेगळी आहे: हवा आत यायला वाट नाही. दार घट्ट, खिडकी बंद, मग पंखा फिरतो आणि काहीच होत नाही. दाराखाली बोटभर फट किंवा गाडीची एक खिडकी थोडी उघडी. याला पैसे लागत नाहीत. दुकानदार म्हणून हे सांगायला जीवावर येतं, मला माहीत आहे. सांगा. गिऱ्हाईक तुमचा नंबर जपून ठेवतं ते यासाठी.

दुसरी. टाकीवर बसवलेलं टॉयलेट असेल तर फ्लशची झडप उघडताना पंखा बंद ठेवा. चालू असेल तर तो टाकीतलीच हवा वर ओढतो. "नवीन पंखा बसवल्यापासून वास येतो" ही तक्रार आली की पंखा काढायला धावू नका.

आता पैसे

गेल्या हिवाळ्यात दुसरी कॅराव्हॅन आली. तोच पंखा, तसंच काम. यावेळी वहीतून लेखी एस्टिमेट दिलं. तपासणी ५००. पंखा ३,६००. ब्यूटाइल टेप, सीलंट, स्क्रू, थिंबल, फ्यूज मिळून १,१००. मजुरी २,५००. एकूण ७,७००, जीएसटी वेगळा. खाली एक ओळ: "पहिल्या पावसाळ्यात पंख्याच्या जोडातून पाणी आलं तर दुरुस्ती आमच्याकडून."

मनात धाकधूक होती. ऑनलाइन पंख्याची किंमत त्यांच्याही मोबाइलमध्ये दिसत होती. पण त्यांनी ती शेवटची ओळ दोनदा वाचली आणि "कधी देता?" एवढंच विचारलं.

माझा खर्च पंख्याचे ३,२०० आणि सामानाचे ९००, म्हणजे ४,१००. उरले ३,६००. त्यातले ८०० पोराला, पगाराशिवाय वेगळे. दुकानाला २,८००. दोघांचा साधारण सहा तासांचा वेळ. खरवडायचं काम पोराने केलं, मी खालून बघत होतो. सगळं झाल्यावर त्याने मला वर बोलावलं आणि म्हणाला, "दादा, बघून घ्या." मी बघितलं. बोट फिरवलं. मग दोघं खाली आलो.

एक गोष्ट लक्षात घ्या. पंखा विकून मला फक्त ४०० मिळतात आणि ते ४०० ऑनलाइनवाला कधीही खाऊन टाकेल. बीबीएला आम्हाला मार्जिनची गणितं भरपूर घातली, पण हे गणित टपावर कळलं. माल कुणीही विकतो, पंधरा मिनिटं पाणी मारून दाखवणारा माणूस कुरिअरने येत नाही. म्हणून मजुरी वेगळी लिहा. मालाच्या किमतीत लपवून ठेवलेली मजुरी गिऱ्हाइकाला महागाई वाटते. वेगळी लिहिली की ते काम वाटतं.

आणि फुकट मजुरी तर अजिबात नको. फुकट कामात आपण आपोआप घाई करतो. मी खरवडलं नाही कारण त्या तासाचे पैसे कुणीच देणार नव्हतं. माझ्या आळसाला मी उदारपणाचं नाव दिलं होतं.

"वर्षाला दोन गाड्या" या प्रश्नाचं उत्तर

कॅराव्हॅन दोनच येतील. पण जे शिकलात ते कुठे कुठे चालतं बघा. मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरच्या केबिनला डीसी वायरिंग असतं, खारी हवा असते, छतातून पाणी असतं. रुग्णवाहिकेच्या छतावर पंखा असतो. शाळेच्या बसला हॅच असतो. फूड ट्रकला एक्झॉस्ट लागतो. सगळीकडे तीच विद्या: व्होल्टेज मोजा, गंजलेला जोड शोधा, छतातलं भोक पाणी न गळता बंद करा.

आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुमच्या गल्लीतच आहे, ते म्हणजे होमस्टे. पुळे, मालगुंड, भाट्ये, पावस, जिथे जाल तिथे जांभ्याच्या घराला जोडून दोन खोल्या आणि अटॅच्ड बाथरूम. मालक टाइल्सवर लाखभर घालतो, शॉवर चकचकीत आणतो, आणि जुलैत छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी. पाहुणा परतल्यावर लिहितो, "जेवण उत्तम, बाथरूमला वास." तो वास मालकाला येत नाही, कारण नाक सरावलेलं असतं.

तिथेही हिशोब तोच. बाथरूम सहा फूट बाय पाच फूट, उंची आठ, म्हणजे २४० घनफूट. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हटली तर २,४०० घनफूट, मिनिटाला ४०. घराच्या साध्या सहा इंची एक्झॉस्टला हे जमतं. पण दाराला रबराची पट्टी ठोकून फट बंद केली असेल तर दहा इंचीसुद्धा नुसता आवाज करेल. आणि पंखा पाहुणा बाहेर पडल्यावर लगेच बंद होत असेल तर ओल तिथेच राहते. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू राहील असा टायमर बसवा. पंखा, टायमर, दाराखालची फट आणि पावसाळ्याआधी एकदा जाळी साफ करून देणं, याचं एक पॅकेज करा, दर मे महिन्यात जाऊन करा. घर २३० व्होल्टचं आहे, तेव्हा वायरिंगला हात लावणारा माणूस लायसन्सवालाच हवा. यात हयगय नको.

दहा होमस्टे मिळाले तर मे महिना भरला. मग वर्षात आलेली ती दोन कॅराव्हॅनची कामं वरकड.

नाही कधी म्हणायचं

सगळ्याला हो म्हणा असं मी सांगत नाही. लाकूड कुजलंय आणि तुमच्याकडे सुतार नाही, तर पंखा बसवू नका. रबराच्या छतासाठीचं सीलंट आठ दिवसांनी येणार आणि गिऱ्हाईक उद्याच निघणार, तर बसवू नका. भोक तात्पुरतं झाकून द्या, त्यावर "तात्पुरतं" असं बिलावर लिहा आणि पुढच्या गावातल्या ओळखीच्या माणसाचा नंबर द्या. गाडीत गॅसची शेगडी आहे आणि छतातला व्हेंट कायमचा बंद करून द्या असं कुणी म्हटलं तर पैसे दिले तरी करू नका. हवा जायची वाट बुजवणं हा जिवाशी खेळ आहे.

असं "नाही" सांगताना कारण सांगा. कारण सांगितलेलं "नाही" गिऱ्हाईक लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी पहिला फोन तुम्हालाच करतं.

या आठवड्याचं काम

एक, एक वही घ्या. गेल्या सहा महिन्यांत ज्या गिऱ्हाइकांना "नाही" म्हणून पाठवलंत ती कामं आठवून लिहा. पाच तरी निघतील.

दोन, त्यातलं एक निवडा आणि पायऱ्या लिहून काढा: तपासणी, मोजमाप, काढणं, बसवणं, परीक्षा. प्रत्येक पायरीसमोर वेळ आणि पैसे. सामान आणि मजुरी वेगळी.

तीन, बिलाखाली जबाबदारीची एक ओळ लिहा. ती लिहिताना हात थरथरला तर समजा काम अजून नीट शिकलेलं नाही. आधी शिका, मग लिहा.

चार, तुमच्या हाताखालचा माणूस काम चालू असताना काही सुचवत असेल तर अर्धा मिनिट थांबून ऐका. वर चढलेला तो असतो, भोक त्याला दिसत असतं.

त्या पहिल्या गृहस्थांची गाडी यंदाच्या पावसाळ्यातही कोकणात येऊन गेली. ऑगस्टमध्ये त्यांचा मेसेज आला, एकच फोटो. पंख्याभोवतीचं पांढरं, कोरडं छत. मी तो दुकानात पोराला दाखवला. त्याने तो स्वतःच्या मोबाइलवर पाठवायला सांगितलं.

पुढच्या व्हिडिओत एस्टिमेटची वही कशी आखायची ते दाखवतो. तोपर्यंत स्वतःच्या घरातल्या बाथरूमच्या पंख्यावर टिश्यू पेपर धरून बघा. खाली पडला तर पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं.